दोरमामांची दोन मरणे

“कोयता होता ना त्याच्या हातात,” शिलाईवाली म्हणाली. ओठांत टाचण्या धरल्यामुळे तिचे शब्द चपटे होऊन बाहेर येत होते. “हात जरा वर घ्या ताई. हां, अस्सा.”

ताईंनी हात वर घेतला आणि तो तसाच राहिला.

“कुणाच्या हातात?”

“कुणाच्या काय, त्या दोरवाल्याच्या. मी तराफ्यावरून सरळ काठाकडंच बघत होते. त्यानं कोयता उचलला, पातं उन्हात असं लख्खकन चमकलं, आणि पुढच्या क्षणी आम्ही सगळे पाण्यात.”

“त्या दिवशी ऊन होतं?”

शिलाईवाली थबकली. ओठांतली एक टाचणी काढून तिने बाहीला खोचली. “असेल की. पातं चमकलं म्हणजे ऊन असणारच ना?”

समोरच्या आरशात ताईंना तिचा चेहरा दिसत होता. त्यात लबाडीचा मागमूस नव्हता. पापण्या ओल्या झाल्या होत्या, गळ्याची शीर उडत होती. जे सांगत होती ते तिला खरोखरच दिसत होते.

आणि ताईंना दिसत होती सहा वर्षांपूर्वीची तीच बाई: हॉस्पिटलच्या लांबलचक खोलीत, राखाडी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, दात वाजत असलेली. ताई तिच्या उशाशी बसल्या होत्या, कारण त्यांच्या धाकट्या भावाला शेवटचे पाहणाऱ्यांत ती होती. भाऊ तराफा चालवायचा. काठापासून काठापर्यंत ताणलेला जाड दोर, त्याच्या आधाराने माणसे, सायकली, पोती घेऊन तराफा नदी ओलांडायचा. अलीकडच्या काठावर त्या दोराची देखभाल करायचे दोरमामा. ताण बघायचा, पीळ सैल पडला की घट्ट करायचा, ग्रीस लावायचे. आयुष्यभर दुसरे काही केलेले नव्हते त्यांनी.

ब्लँकेटमधून शिलाईवाली तेव्हा म्हणाली होती, “वरून झाड आलं हो, मुळासकट. दोरावर येऊन बसलं. दोर तुटला. मामा काठावरून बोंबलत होते, अंगातला सदरा काढून हलवत होते.” मग थोड्या वेळाने, ताईंची नजर चुकवून, “निघतानाच मामा म्हणाले होते, पाणी चढतंय, माणसं जास्त झालीत, नको. तर तुमचा भाऊ हसला. म्हणाला, मामा, तुम्ही दोराचं बघा, पाण्याचं मी बघतो.”

“तू तेव्हा मला वेगळं सांगितलं होतंस,” ताई आता आरशातल्या चेहऱ्याला म्हणाल्या. “झाड आलं, दोर तुटला, असं.”

“मी?” शिलाईवालीने मान हलवली. “मी शुद्धीत तरी होते का तेव्हा? बरळले असेन काहीबाही. आता सगळं स्वच्छ आठवतं.”

तिने खडूने बाहीवर रेघ ओढली. येत्या रविवारी नदीकाठी स्मृतिशिळा बसायची होती. त्यासाठीच ताईंच्या आईने दोघींचे नवे कपडे शिवायला लावले होते.

हे एका दिवसात घडले नव्हते. पहिल्या वर्षी चर्चमधल्या प्रार्थनेत शब्द होते, ‘ज्या दिवशी दोर तुटला’. दुसऱ्या वर्षी ‘ज्या दिवशी दोर सुटला’ असे म्हटले गेले. कुणाच्या ते ध्यानातही आले नाही, कानाला फरक तो केवढा! मग कधीतरी पाळकांच्या तोंडून ‘सोडला गेला’ असे आले. आणि सोडला गेला म्हटल्यावर सोडणारा हवाच. काठावर दोराशी माणूस एकच होता.

माणूस मिळाल्यावर बाकीचे आपोआप गोळा होत गेले. तो पहिल्यापासूनच घुमा. तो वाचला कसा? (तो काठावरच होता, हे सांगणारे हळूहळू गप्प झाले.) त्याच्या घरावर नवे पत्रे कुठून आले? पत्रे पुरानंतर सरकारने दिले होते आणि त्या ओळीतल्या झाडून सगळ्या घरांवर तसेच होते, पण चमकायचे ते फक्त त्याचे. नदीवर पूल बांधायचा होता, तराफा बंद पडला तर कुणाचा फायदा होता, असे कुणी तरी म्हणाले आणि कुणी तरी ‘हो ना’ म्हणाले. लहान पोरांच्या तोंडचे ‘मामा’ गळून पडले. दोरमामांचा ‘दोरवाला’ झाला.

त्याच दुपारी ताईंचा वर्ग होता. चढावर पाळकांना शिकवणारे एक लहानसे कॉलेज होते. तिथे त्या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास शिकवायच्या. येशूच्या मृत्यूनंतर त्याची आठवण तोंडोतोंडी कशी फिरली, सांगणाऱ्यांच्या दुःखाने आणि गरजेने तिला कसा आकार आला, इतिहास शोधणाऱ्याने त्या आठवणींतून वाट कशी काढायची, यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते.

“या मंडळ्यांना लिहिलेल्या सगळ्यांत जुन्या पत्रांत एवढंच आहे,” त्या म्हणाल्या, “की एका रात्री येशूला हवाली केलं गेलं. कुणी केलं, ते नाही. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरजही वाटलेली नाही. मग सगळ्यांत जुन्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, त्याला धरून देणारा शिष्य येतो, पण त्यानं ते का केलं, हे धड कळत नाही. पुढच्यात धरून देण्याची किंमत ठरते. त्याच्या पुढच्यात त्याच्या अंगात सैतान शिरतो. शेवटच्यात तर तो आधीपासूनच चोर असतो.”

“आणि मेला कसा?” मागच्या बाकावरून एकाने विचारले.

“दोन तऱ्हांनी. एकीकडं गळफास, दुसरीकडं शेतात कोसळून पोट फुटलं. दोन्हीचा मेळ बसत नाही. पण तो म्हातारा होऊन अंथरुणात मेला, असं सांगणं मात्र सगळ्यांच्याच जिवावर आलं असतं.”

वर्गात हसू पिकले.

“म्हणजे तो नव्हताच का, मॅडम?”

“असावा. मला तरी वाटतं, होता. मी एवढंच म्हणते की त्याच्यावर जे जे चढत गेलं, त्याखाली तो आता दिसत नाही.”

“मग लोकांनी खोटं रचलं.”

“खोटं रचणारा असता तर आपलं काम सोपं होतं,” ताई म्हणाल्या. “शोधला की सापडला असता. इथं कुणीच सापडत नाही. सगळे खरंच बोलत असतात.”

हे वाक्य त्या दर वर्षी याच जागी म्हणायच्या. आज म्हटल्यावर मात्र त्या खुर्चीवर बसल्या.

घरी जाताना त्या बांधावरून गेल्या. खाली जुना धक्का होता, तराफ्याचा खांब अजून उभा होता. ढगाळ हवेत पाणी शिशासारखे दिसत होते. ताई क्षणभर उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. तेव्हा त्यांना खांबाजवळ दोरमामा दिसले. हातात कोयता होता. कोयत्याची मूठ लाकडी होती आणि तिला निळी चिंधी गुंडाळलेली होती.

त्यांनी घाबरून डोळे उघडले. त्या दिवशी त्या इथे नव्हत्याच, वर्गात शिकवत होत्या. आणि चिंधीबद्दल त्यांना कधीच कुणी काही सांगितलेले नव्हते.

संध्याकाळी पाळक आले. भला माणूस होता. पुरात त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून प्रेते वाहिली होती.

“शिळेवरचा मजकूर तुम्हीच लिहायचा, ताई,” ते म्हणाले. “तुमच्याइतकं शिकलेलं कोण आहे? शिवाय तुमचा भाऊ. शेवटपर्यंत त्यानं माणसं सोडली नाहीत.”

“त्याला पोहता येत होतं, एवढंच मला माहीत आहे. पुढचं कुणी पाहिलं?”

“सगळ्यांनी पाहिलं,” पाळक हळूच म्हणाले. “मंडळीचं म्हणणं आहे, ‘विश्वासघाताने बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ’, अशी सुरुवात असावी.”

“दोर तुटला होता.”

“तुम्ही होता का तिथं?”

“नव्हते.”

“मग?” ते हसले, पण प्रेमाने. “लोकांच्या मनात जे आहे ते मोडणारे आपण कोण? तुम्ही तर हेच शिकवता ना, की मंडळीनं जपलं म्हणून आपल्यापर्यंत आलं?”

“मी हेही शिकवते की मंडळीनं जपताना कुणाकुणाचा बळी गेला.”

पाळक चहा अर्धा ठेवून उठले. जाताना म्हणाले, “रविवारी तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्या तोंडून आलं की लोकांना शांती मिळेल.”

आई आतल्या खोलीतून सगळे ऐकत होती. ताई आत गेल्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई, तुला खरं ठाऊक आहे ना?”

“मी काय बोळ्यानं दूध पिते?” आई म्हणाली. “तो कधी कुणाचं ऐकायचा? माझं ऐकलं कधी? पाणी चढलेलं असताना माणसं कोंबली असतील त्यानं. हसतच कोंबली असतील.”

“मग तू बोलत का नाहीस? त्या म्हाताऱ्याला दुकानात सामान देत नाहीत. त्याच्या खिडक्या फोडल्या.”

 आई भिंतीला सांगावे तसे म्हणाली, “दोराला शाप देता येत नाही गं. वाहत आलेल्या झाडाला देता येत नाही. पोटच्या पोराला तर नाहीच नाही. मला कुणीतरी लागतं.”

दुसऱ्या दिवशी ताई पिशवीत तांदूळ, डाळ, साबण घेऊन दोरमामांकडे गेल्या. घर ओळीत शेवटचे. खिडकीला काचेऐवजी खोक्याचा पुठ्ठा. अंगणात नवाकोरा दोर बांधून त्यावर दोन सदरे वाळत घातलेले.

“दोर नवा दिसतोय,” ताई म्हणाल्या, काहीतरी बोलायचे म्हणून.

“भेट आलाय,” मामा म्हणाले. “सकाळी दार उघडलं तर कडीला टांगलेला. फास करून. मी काढून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी आणखी एक. म्हटलं, चांगला माल आहे, वाया कशाला घालवायचा?” ते किंचित हसले. “फासाची गाठ मात्र कच्ची होती. अडाणी लेकाचे.”

ताईंना हसता आले नाही. मामांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. बसल्यावर स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघू लागले.

“ताई, एक विचारू? हसायचं नाही.”

“विचारा.”

“मी कापला का हो?”

 “मामा, काय बोलताय!”

“नाही, रोज ऐकतो ना. दळणाला जावं तर तेच, नळावर जावं तर तेच. पोरंसुद्धा खेळात तेच खेळतात, एक जण मी होतो. एवढ्या माणसांना दिसलं, म्हणजे… परवा डोळा लागला तर हातात कोयता होता. मूठ गार लागली. ताई, गार लागल्याचं कळतं का हो स्वप्नात?”

“तुमच्याकडं कोयता होता कधी?”

“घरात होता एक. सगळ्यांकडं असतो.”

ताईंना विचारायचे होते की त्याच्या मुठीला चिंधी होती का. त्यांनी विचारले नाही. उत्तराची त्यांना भीती वाटली.

“दोर तुटला, मामा,” त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. “झाड आलं आणि दोर तुटला. तुम्ही नको म्हणाला होतात. तो हसला. तुम्ही सदरा काढून हलवत होता. जी वाचली तिनं त्याच दिवशी मला सांगितलं.”

“सदरा,” मामा पुटपुटले. “हो. सदरा काढला होता खरा. खांदे पावसानं भिजले होते.” त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. “ते परत सांगा.”

ताईंनी ते परत सांगितले. मग पुन्हा एकदा. निघताना मामा म्हणाले, “तुम्ही सांगता तोवर आठवतं. तुम्ही गेलात की परत तेच येतं.”

रविवारी चर्च गच्च भरले होते. बाहेर व्हरांड्यातही माणसे उभी होती. आई पहिल्या बाकावर, नव्या कपड्यांत. पाळकांनी नाव पुकारले तेव्हा ताई उठल्या. वर्गात बोलताना त्यांना कधी कागद लागला नव्हता, आजही नव्हता.

“मी माझ्या भावाबद्दल बोलणार आहे,” त्या म्हणाल्या. “तो मला फार आवडायचा. त्यानं त्या दिवशी तराफ्यावर नको इतकी माणसं घेतली. पाणी चढत होतं. दोरमामांनी त्याला अडवलं, त्यानं ऐकलं नाही. पुरात झाड वाहत आलं आणि दोर तुटला. कुणी सोडला नाही. कुणी कापला नाही. ज्या माणसाला आपण सहा वर्षं जाळतोय, त्याचा काही दोष नाही. दोष असलाच तर तो माझ्या भावाचा आहे, आणि तो पाण्यात गेला. त्या म्हाताऱ्याला आता सोडा.”

 आईची मान खाली होती. मग मागे कुणीतरी हुंदका दिला. तो हुंदका एका बाकावरून दुसऱ्यावर गेला आणि बघता बघता अर्धे चर्च रडू लागले. ताईंना वाटले, जिंकले.

दाराशी शिलाईवालीने त्यांना मिठी मारली. “तुम्ही त्याला माफ केलंत, ताई! मला नसतं जमलं.”

“माफ? अगं, मी काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“शब्द न् शब्द. सगळा दोष स्वतःच्या भावावर घेतलात. कोण करतं असं!”

पाळकांनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांचा चेहरा भिजला होता. “आज आम्हाला क्षमेचा अर्थ कळला.”

“मी क्षमा केली नाही,” ताईंचा आवाज चढला. “क्षमा करण्यासारखं त्यानं काही केलेलंच नाही!”

“हेच,” पाळक गहिवरून म्हणाले, “हेच ते. अगदी हेच.”

माणसे रांगेने येत होती, हात दाबत होती. ताई प्रत्येकाला तेच सांगत होत्या आणि प्रत्येक जण जास्तच आदराने मान डोलवत होता. शेवटी किराणा दुकानदार आला. त्याची बायको तराफ्यावर होती.

“तुम्ही देवमाणूस,” तो म्हणाला. “तुम्ही सोडलंत त्याला. आता त्याचं तो बघेल. एवढं ऐकल्यावर माणसाला स्वतःचं तोंड बघवत नाही फार दिवस. लाज असली तर आजच काय ते करील.”

ताईंना तेव्हा कळले. गोष्टीत जे जे हवे होते ते सगळे जमले होते. धरून देणारा होता, कोयता होता, लोभ होता, आता क्षमाही होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन ठेवली होती. राहिला होता तो फक्त शेवट.

लोक शिळेकडे निघाले. ताई आईला पाळकांच्या बायकोजवळ सोडून उलट्या दिशेने गेल्या. आधी भराभर, मग जवळजवळ पळतच.

मामांच्या घरापाशी सात-आठ माणसे उभी होती. रविवारचे धुतलेले कपडे, पॉलिश केलेले बूट. ती शिव्या देत नव्हती, बोलतही नव्हती. बस यायची असावी तशी नुसती उभी होती. ताईंना पाहून त्यांनी माना लववल्या.

मामा आत खाटेवर बसले होते. “कधीचे उभे आहेत,” ते म्हणाले. “काय पाहिजे विचारलं, तर म्हणाले, काही नाही.”

“पिशवी भरा. तुमच्या बहिणीकडं जायचं.”

“आत्ता? चूल पेटवलीय.”

“आत्ता, मामा.”

त्यांनी दोन सदरे, एक चादर, दाढीचे सामान घेतले. चुलीवर पाणी ओतले. ताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि दोघे बाहेर आले. कुणी अडवले नाही. माणसे बाजूला सरली आणि त्यांनी अदबीने वाट करून दिली, जशी प्रेताला देतात.

बसथांबा नदीच्या बाजूला होता, जुन्या धक्क्याच्या पुढे. वाटेत मामा एकदाच बोलले. खांबाकडे न बघता म्हणाले, “तुमच्या भावाचा आवाज चांगला होता. पलीकडून गात यायचा.” बस आली. ताईंनी त्यांना खिडकीशी बसवले आणि बस नवा पूल ओलांडून वळणाआड जाईपर्यंत त्या रस्त्यात उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी दूधवाला दारात म्हणाला, “ऐकलंत ना ताई? दोरवाल्यानं जीव दिला. त्याच खांबाला.”

“मी त्यांना बसमध्ये बसवलंय. स्वतःच्या हातानं.”

“हो ताई,” दूधवाला म्हणाला. आजारी माणसाला म्हणतात तसे, हळुवार.

दुकानात वेगळेच चालले होते. दुकानदार सांगत होता की तो बांधावरून खाली दगडांवर पडला, डोके फुटले, रक्त धुवायला दोन बादल्या लागल्या. शेजारी उभ्या असलेल्या एकाने गळफासाचे सांगितले. दोघांपैकी कुणालाही ते खटकले नाही. रविवारी मामांच्या दारात उभा असलेला एक जण तिथेच होता. तो म्हणाला, “आम्ही स्वतः त्याला नदीकडं जाताना पाहिलं. एकटाच होता. मान खाली.”

“एकटा नव्हता,” ताई म्हणाल्या. “मी होते बरोबर. तुम्ही मला वाट दिलीत.”

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिले. तो आठवायचा खरोखर प्रयत्न करत होता. मग त्याने खेदाने मान हलवली. “तुम्ही शिळेपाशी होता ना, ताई.”

शिळेवरचा मजकूर शेवटी दुसऱ्याच कुणीतरी लिहिला. खाली मागाहून एक ओळ कोरली गेली, तराफा चालवणाऱ्याच्या बहिणीने क्षमा केली अशा अर्थाची. आई रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागली. तिला झोप लागू लागली. ताईंनी वर्गात धरून देणाऱ्या शिष्याचा धडा पुन्हा शिकवला नाही. तो भाग आल्यावर त्या विद्यार्थ्यांना वाचायला लावायच्या आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या.

बऱ्याच महिन्यांनी त्या मामांना भेटायला गेल्या. बहिणीचे घर एका शाळेला लागून होते. मामा शाळेच्या बागेत काम करायचे. अंगाने भरले होते, दाढी राखली होती. कुंपणाशी दोघे बोलत उभे राहिले.

“मी मेलो म्हणे,” मामा म्हणाले.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“बसमध्ये. तालुक्याला निघालो होतो. आपल्या बाजूचा एक जण शेजारी येऊन बसला, ओळखलं नाही त्यानं. पूल दिसल्यावर सगळं सांगायला लागला. दोर, कोयता, तुमचं चर्चमधलं बोलणं, नंतर फास. चांगला सांगत होता हो. अख्खी बस ऐकत होती.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? पुढच्या बाकावर एक बाई होती, ती रडायला लागली. म्हणाली, काहीही केलं असलं तरी शेवटी माणूसच ना.” मामांनी हातातल्या खुरप्याची माती झटकली. “तिकडं सहा वर्षांत माझ्यासाठी कुणी रडलं नव्हतं, ताई. मग मीही म्हटलं, वाईट झालं.”

ताई त्या खुरप्याकडे बघत राहिल्या.

“आता मला कोयता दिसत नाही,” मामा म्हणाले. “तो ज्याच्या हातात होता तो मेला. बरं झालं.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज उतरवला. “तुम्ही आलात, लई बरं वाटलं. पण परत येऊ नका. इथं कुणी विचारलं, ह्या कोण, तर मला नदीपासून सगळं सांगावं लागेल.”

“खरं तेच सांगायचं, मामा.”

“तुम्ही सांगितलंत की,” मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

शाळेची घंटा झाली. पोरे भसाभसा बाहेर आली. “माळीमामा, नळ! माळीमामा, पाणी!” मामा वळले, झारी उचलली आणि वाफ्याकडे गेले. ताई कुंपणाच्या कडेने हळूहळू चालू लागल्या. मामा वाकून एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालत होते.

“मामा, त्या बाई कोण होत्या?” एका मुलीने विचारले.

“कोण जाणे,” मामा म्हणाले. “रस्ता विचारत होत्या.”

आणि खरोखरच वाट दाखवावी तसा त्यांनी हात लांब केला, बसथांब्याकडे. ताई त्या हाताच्या दिशेने चालत राहिल्या.